बर्फात कोणती गाडी न्यावी? (ठाणे ते मनाली-सिस्सू, जानेवारी)

उपवनकाठ

मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याहून गाडीने मनाली आणि जमलं तर अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जायचा बेत आहे. मी, बायको आणि दोन मुलं. मुलांना बर्फ बघायचाय, मला गाडी चालवायचीय. बायकोला दोन्हींपैकी काहीच नकोय, पण ती येतेय.

प्रश्न गाडीचा आहे. माझी पेट्रोल ब्रेझा, मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणारी. बाबांची जुनी डिझेल बोलेरो, मागच्या चाकांवर चालणारी. तिसरा पर्याय ऐरोलीचा मेहुणा. तो आपली थार द्यायला तयार आहे आणि "फोर बाय फोर आहे भावोजी, डोळे मिटून जा" असं त्याचं म्हणणं.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. एकाने बोलेरोच्या मागे वाळूची पोती टाकायला सांगितली, दुसऱ्याने टायरमधली हवा निम्मी करायला, तिसऱ्याने चाकांना काथ्या गुंडाळायला. चौथ्याने मेन्टेनन्स थकल्याची आठवण करून दिली.

ज्यांनी खरंच बर्फात गाडी हाकलीय त्यांनी सांगा. कोणती गाडी नेऊ आणि ती चालवायची कशी?

खारीगावचा_खारू

हिमाचल परिवहनची बस. ड्रायव्हर तिथला, तुम्ही खिडकीशी. धागा संपला.

मॉन्ट्रिअलचा_नौपाडकर

खारू, इतक्यात नका संपवू, मला बर्फावर बोलायची संधी कोणी देत नाही. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि ठाण्यात कोणाला गरज नसते.

आधी टायर, मग गाडी. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आपल्याकडच्या टायरचं रबर उन्हाळ्यासाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते कडक होत जातं आणि रस्ता धरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फावर चाचणी झालेला टायर. नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका, ते कंपनी स्वतःच लिहिते.

आता गणित. ताशी ४० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला ९-१० मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर तेच अंतर ६० मीटरच्या वर जातं. वेग २० वर आणला तर १५-१६ मीटर. वेग निम्मा केला की अंतर पावपट होतं. हे सगळ्या गाड्यांना लागू आहे, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थारची चारही चाकं गाडीला पुढे ढकलतात म्हणून ती बर्फातून झटकन निघते. थांबताना त्या चार चाकांचा काही जास्तीचा उपयोग नाही. उलट सहज निघाली म्हणून माणूस वेग वाढवतो. पहिला मोठा बर्फ पडला की इथे खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत भल्यामोठ्या एसयूव्ही हमखास असतात.

पुढच्या चाकांची गाडी वाईट नाही. इंजिनाचं वजन चालणाऱ्या चाकांवरच असतं, त्यामुळे ती बऱ्यापैकी उचलते. वळणावर वेग जास्त झाला तर स्टेअरिंग फिरवूनही नाक सरळच जातं. मागच्या चाकांच्या रिकाम्या गाडीचं शेपूट हलकं असतं. जरा जास्त एक्सिलरेटर दिला की तेच पुढे यायला बघतं.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

मॉन्ट्रिअलकर, सगळं मान्य, पण हे मॉन्ट्रिअलमध्ये. ठाण्याच्या नेहमीच्या टायरवाल्याकडे हिमकणाचा टायर मागून बघा, तो तुम्हाला चहा पाजेल आणि घरी पाठवेल. आणि आठ दिवसांच्या सहलीसाठी चार टायर कोण घेतो?

इथे चेनबद्दल, म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्यांबद्दल, बोलायला हवं. मी हिमाचलात हिवाळ्यात नेमाने जातो, फ्रंट व्हील ड्राइव्ह सेडान घेऊन. चेन नेहमी चालणाऱ्या चाकांना. ब्रेझा असेल तर पुढे, बोलेरो असेल तर मागे. मनालीत चेन भाड्यानेही मिळते, पण मापाची मिळेलच असं नाही, म्हणून आपल्या टायरच्या मापाची घेऊन जा. आणि निघण्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-तीनदा घालून-काढून बघा. मोजे घालून, गार हातांनी, मागे हॉर्न वाजवणारी रांग असताना चेनचा गुंता सोडवणं हा वेगळाच छळ आहे. चेन घातली की वेग चाळिशीच्या आत. उघडं डांबर लागलं की काढायची, नाहीतर टायर, चेन आणि रस्ता तिन्ही खराब. घालून थोडं पुढे गेल्यावर थांबून पुन्हा ताणायची, ती सैल पडतेच.

वाशीची_वसुधा

वाचतेय. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. चाकांना काथ्या गुंडाळायला सांगणारे गृहस्थ कोण ते मला माहीत आहेत असं वाटतंय.

सुभेदार_काका

कळव्यात राहतो. नोकरी फौजेत, ड्रायव्हर म्हणून. शक्तिमान चालवली, जिप्सी चालवली, काश्मीरात आणि द्रासकडे. थोडं लिहितो.

चढावर मध्ये थांबायचं नाही. पुढची गाडी चढ पार करेपर्यंत खालीच उभं राहायचं, मग एका लयीत, एकाच गिअरमध्ये चढायचं. मध्ये गिअर बदलला की चाक सुटतं. निघताना दुसरा गिअर, क्लच अलगद. पहिल्या गिअरमध्ये चाकाला ताकद जास्त मिळते आणि ते जागेवर फिरतं. जागेवर फिरलं की खालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो, मग तुम्ही तिथलेच.

उतारावर उलट. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्यायचा, पाय ब्रेकवरून जवळजवळ काढायचा. मागच्या चाकांच्या गाडीत गिअर एकदम खाली टाकायचा नाही, इंजिनाचा झटका मागच्या चाकांना बसतो आणि शेपूट फिरतं. जिप्सीत फोर व्हील लावली की तो रोध चारही चाकांत वाटला जातो. उतारावर फोर बाय फोरचा खरा फायदा तो.

घसरली तर. पाय एक्सिलरेटरवरून काढा, ब्रेक नको, जिथे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टेअरिंग. दरीकडे बघाल तर दरीकडे जाल. नवीन पोरांना हे शंभरदा सांगावं लागायचं.

पोत्यांबद्दल. बोलेरो रिकामी असेल तर मागच्या एक्सलच्या बरोबर वर वजन ठेवल्याने पकड वाढते, हे खरं. पण ते बांधलेलं पाहिजे. सुटं पोतं धडकेत पुढे येतं. आणि वाढलेलं वजन थांबवावंही लागतं. वाळू मात्र थोडी जवळ ठेवा. चाक अडकलं की त्याच्यासमोर टाकायला.

घंटाळीचा_पक्या

काका, लाख बोललात. आमच्याकडे एक मामेभाऊ आहे, बांधायची गरज नाही, मागच्या एक्सलवर बसवला की हलत नाही. भाड्याने देतो. जेवणखाण गाडीमालकाकडे.

वाशीची_वसुधा

पक्या, जेवणखाण धरलं तर विंटर टायर स्वस्त पडतील.

घोडबंदरी_योद्धा

एवढा बाऊ कशाला? आपण मुंबईकर पावसात गाडी चालवतो. जूनच्या पहिल्या सरीला घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढाला ट्रकचं ऑइल वर येतं तेव्हा जो गाडी सांभाळतो तो कुठेही सांभाळेल.

मॉन्ट्रिअलचा_नौपाडकर

योद्धा, सवय तीच उपयोगी पडते हे खरं. हळू, लांब अंतर, अलगद हात. पण पहिल्या पावसात रस्ता तासाभरात धुतला जातो आणि सगळीकडे सारखाच असतो. बर्फात कोरडं डांबर, कोरडं डांबर, आणि मग सावलीतल्या वळणावर तो पारदर्शक थर. खालचं काळं डांबर दिसतं म्हणून रस्ता ओला आहे असं वाटतं. ओल्या रस्त्यावर टायरचा सळसळ आवाज येतो, या थरावर तो आवाज अचानक बंद होतो. हिवाळ्यात मी गाणी बंद ठेवून चालवतो ते त्यासाठी.

पूल आधी गोठतात, कारण वारा वरून आणि खालून दोन्हीकडून लागतो. आणि सगळ्यात निसरडं शून्याच्या आसपास असतं, उणे वीसला नाही. शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो. मनालीत दुपारी वितळतं आणि संध्याकाळी गोठतं, म्हणजे संध्याकाळचा परतीचा प्रवास सगळ्यात वाईट.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

याला शंभर टक्के अनुमोदन. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत रस्ता सुका असतो, लोक आरामात वेग धरतात आणि पलीकडच्या तोंडाशी बाहेर पडल्या पडल्या बर्फ. बोगद्याचं तोंड दिसायला लागलं की आतच वेग कमी करा. सिस्सूला सकाळी जा, दुपारी ऊन असतानाच परत फिरा. ३१०० मीटरच्या आसपास उंची आहे, सूर्य डोंगरामागे गेला की रस्त्याला काच व्हायला वेळ लागत नाही.

आणि एक. बर्फ पडायला लागला की पोलीस सोलंगच्या अलीकडेच साध्या गाड्या अडवतात, फक्त फोर बाय फोर सोडतात, कधी चेनवाल्याही. त्यांच्याशी 'मुंबईहून आलोय' वगैरे वाद घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या, रात्रभर लोकांना बाहेर काढत होते.

नेरुळची_निशा

थोडं अवांतर, पण विषयातच आहे. आमच्याकडे इलेक्ट्रिक आहे, पुढच्या चाकांची. पाम बीचला मस्त पळते. बर्फात कशी? नवरा म्हणतो इंजिनच नाही तर गोठणार काय.

ट्रॉन्डहाइमकर

निशाताई, नॉर्वेतून लिहितोय. इथे नव्या गाड्या जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिकच विकल्या जातात, तेव्हा बर्फात चालतात हे नक्की. बॅटरी खाली असल्याने वजन खाली असतं आणि एक्सिलरेटर बारकाईने सांभाळता येतो, हे फायदे.

पण दोन गोष्टी. पहिली म्हणजे रीजनरेशन. पाय उचलला की गाडी स्वतःच वेग कमी करते, आणि ते फक्त चालणाऱ्या चाकांवर. गुळगुळीत बर्फावर, विशेषतः मागच्या चाकांच्या इलेक्ट्रिकमध्ये, तेवढ्यानेही चाक सुटू शकतं. म्हणून बर्फावर रीजन सगळ्यात कमी पातळीवर. दुसरी म्हणजे रेंज. कडक थंडीत ती पाव-तिसऱ्या हिश्शाने सहज घटते, कारण केबिन तापवायला इंजिनाची फुकटची उष्णता नसते. चार्जिंगवर असतानाच केबिन तापवून घ्या, आणि चालताना सीट हीटर असेल तर तो वापरा. थंड बॅटरी चार्जही सावकाश घेते.

मनालीपर्यंतचं चार्जिंग कसं आहे ते तिकडे जाणारेच सांगतील.

नेरुळची_निशा

धन्यवाद! नवऱ्याला वाचून दाखवलं. आता म्हणतोय की हेच तो म्हणत होता.

गणिताचा_मास्तर_ठाणे

टायरमधली हवा निम्मी करण्याच्या सल्ल्यावर कोणीच बोललं नाही म्हणून येतो. निम्मी मुळीच करू नका. रेतीत हवा कमी करतात, घाटरस्त्याच्या पातळ बर्फावर त्याने गाडीचा ताबाच जातो.

पण गंमत बघा. ठाण्यात ३२ अंशांना ३३ पीएसआय भरली. तिकडे उणे ५ अंश. थंडीने हवा आक्रसते, काटा सहा पीएसआयच्या आसपास खाली यायला हवा. पण टायरचा गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, आणि ३००० मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या १४.७ वरून सुमारे १०.२ वर येतो. म्हणजे काटा साडेचारने वर जातो. वजाबाकी केली तर गेज साधारण ३२ दाखवेल. काहीच करायची गरज नाही.

घंटाळीचा_पक्या

सर, शाळेत हे शिकवलं असतंत तर मी पास झालो असतो.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

मास्तर, कागदावर बरोबर. पण माणूस वाटेत अंबाल्याला गार सकाळी हवा भरतो, तेव्हा तिथून पुढचा हिशेब बदलतो. वर पोहोचल्यावर सकाळी, गाडी चालवायच्या आधी, गेज लावून दरवाजावरच्या आकड्याशी जुळवा. दोनशे-तीनशे रुपयांचा गेज मिळतो.

गणिताचा_मास्तर_ठाणे

मान्य. अंबाला मी धरलं नव्हतं.

तुर्भेचा_मिस्त्री

गॅरेज आहे. गाडीच्या पोटाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे कूलंट कमी झाला की लोक नळाचं पाणी ओततात. पेट्रोल पंपावर, धाब्यावर, कुठेही. इथे चालून जातं. उणेमध्ये पाणी गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. रेडिएटर फुटतो, नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो. जायच्या आधी सगळं काढून नवीन कूलंट भरा, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. तसं मिश्रण उणे ३५ च्या खालीही टिकतं. निव्वळ कूलंट भरू नका, तो उलट लवकर गोठतो. बाबांच्या जुन्या बोलेरोत काय भरलंय ते बाबांनाही माहीत नसेल, आधी तपासा.

काच धुवायच्या टाकीत आपण साबणाचं पाणी घालतो, ते गोठतं. थंडीतलं वॉशर लिक्विड घाला. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या, थंडीत तिची ताकद पडते आणि इंजिनाला मात्र जास्त लागते.

डिझेल थंडीत घट्ट होतं, त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळं विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत पातळ राहतं. मनालीला तितकी थंडी नसते, पण टाकी ठाण्या-गुजरातच्या डिझेलवर ठेवू नका. डोंगर चढायच्या आधी तिकडच्या पंपावर भरा.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला झालेला ब्रेक गोठून चिकटतो. सपाट जागा, गिअरमध्ये गाडी, चाकाला दगड. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी टाकायचं नाही, तडकते.

परत आल्यावर खालून पाण्याने धुवून घ्या. बर्फ वितळवायला कुठे कुठे मीठ टाकतात, ते चॅसिस खातं.

सुभेदार_काका

मिस्त्रींना सलाम. आमच्या वेळी रात्री रेडिएटर रिकामा करून ठेवायचो आणि पहाटे गरम पाणी भरायचो. हल्लीच्या गाड्यांत करू नये.

खारीगावचा_खारू

हे वाचून माझा बसचा सल्ला अधिक पक्का झाला.

पाचपाखाडी_प्रज्ञा

एक गंभीर गोष्ट. गाडी बर्फात अडकली आणि हीटर लावून आत बसलात तर दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. तोंड बंद झालं की धूर आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं झोपेतच जातात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं दगावली. थंडी आणि हा वायू, ही दोन कारणं पुढे आली. लहान मुलं बरोबर आहेत म्हणून सांगते. इंजिन सतत चालू नको, थोडा वेळ लावून बंद करा, एक काच बोटभर उघडी ठेवा. घोंगड्या, पाणी, सुका खाऊ, टॉर्च, एक छोटं फावडं गाडीत असू द्या.

कळव्याचा_केतन

माझी एएमटी आहे, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर स्वतः बदलणारी. तिचं काय? दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं म्हणजे कसं?

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

मॅन्युअल मोडमध्ये टाकायचं. काही गाड्यांत त्यातही दुसऱ्याने निघता येतं, काहींत नाही, तुमच्या गाडीचं पुस्तक बघा. एएमटीचा त्रास असा की चढावर मनात नसताना गिअर बदलते आणि मध्ये क्षणभर ताकद जाते, काकांनी सांगितलेली लय तिथेच तुटते. म्हणून ऑटोवर ठेवूच नका. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक त्या मानाने गुळगुळीत. तिच्यात स्नो मोड असेल तर ती बहुधा स्वतःच वरच्या गिअरने निघते.

घोडबंदरी_योद्धा

एबीएस बंद करावं म्हणतात बर्फात. खरं का?

मॉन्ट्रिअलचा_नौपाडकर

भुसभुशीत बर्फात एबीएसने थोडं जास्त अंतर लागतं हे खरं आहे. लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग करतं आणि त्याला अडतं, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण एबीएस असताना ब्रेक दाबूनही स्टेअरिंग चालतं, म्हणजे समोरच्याला चुकवता येतं. मला तो सौदा मंजूर आहे. पेडल थरथरलं, खरखर आवाज आला तर घाबरून पाय काढू नका, दाबून धरा.

बंद करायचं असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल, आणि तेही फक्त अडकल्यावर. चाक फिरायला लागलं की ते इंजिनाची ताकद काढून घेतं, मग गाडी निघतच नाही. बाहेर पडलात की लगेच परत चालू.

ऐरोलीचा_ऑफरोडर

थारवर बोलायला माणूस आला. फोर एच मध्ये, म्हणजे चारही चाकांवर, टाका आणि विसरा, असं लोक करतात, ते चूक. थार, जिमनी, जुनी जिप्सी या पार्ट टाइम फोर बाय फोर. मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतो, पुढचा आणि मागचा एक्सल एकाच वेगाने फिरतो. वळणावर दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. बर्फावर चाकं थोडी घसरून ते जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर नाही, मग स्टेअरिंग जड होतं आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. मनालीच्या रस्त्यावर थोडा बर्फ, थोडं डांबर असं असतं तेव्हा फोर एच आणि टू एच (फक्त मागची दोन चाकं) बदलत राहावं लागतं. फोर एल, म्हणजे चारही चाकं पण कमी वेग आणि जास्त ताकद, फक्त अगदी उभ्या उतार-चढाला किंवा अडकल्यावर. जुन्या डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह वेगळी, ती हे स्वतःच सांभाळते.

आणि धागाकर्ते, मेहुण्याची थार फोर बाय फोरच आहे ना? जानेवारी २०२३ पासून थार रिअर व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. बाहेरून पटकन कळत नाही. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते बघा.

वाशीची_वसुधा

आता धाग्यात खरी मजा आली.

उपवनकाठ

मंडळी, काल ऐरोलीला जाऊन आलो. दुसरा दांडा नाही. मेहुणा म्हणतो शोरूमवाल्याने 'थार म्हणजे थार' असं सांगितलं होतं. बायको काही बोलली नाही, पण परत येताना पूर्ण रस्ताभर हसत होती.

घंटाळीचा_पक्या

डोळे मिटून घेतली असणार.

ऐरोलीचा_ऑफरोडर

मेहुण्यांना वाईट वाटू देऊ नका. टायर बरे असतील आणि मागे चेन घातली तर तीही जाते. पण मग ती बोलेरोहून बर्फात फार वेगळी नाही.

गणिताचा_मास्तर_ठाणे

म्हणजे तीन गाड्यांपैकी दोन मागच्या चाकांच्या. उत्तर आपोआप ब्रेझाकडे झुकतंय.

सुभेदार_काका

ब्रेझाच न्या. मागच्या चाकांची गाडी शिकलेल्याला जमते, पण शिकायला मनालीचा उतार ही जागा नव्हे. टायर किती झिजलेत ते बघा. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली चालते, बर्फाला चार तरी हवी. त्याखाली असतील तर नवीन घाला, ते पुढच्या पावसाळ्यातही कामाला येतील.

अजून एक, कोणी बोललं नाही. जानेवारीत बर्फाच्या आधी धुकं आहे. दिल्ली, कर्नाल, अंबाला, पहाटे बॉनेटसुद्धा दिसत नाही. तिथे होणारे अपघात बर्फापेक्षा मोठे. त्या पट्ट्यात ऊन वर येईपर्यंत गाडी काढू नका. हेडलाइट अपरवर नाही, लोअरवर. मुक्काम आदल्या रात्री राजस्थानात करा, सकाळी निवांत नाश्ता करून निघा.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक

काका, हे मी आधी लिहायला हवं होतं. दोनेक हजार किलोमीटरच्या प्रवासात मला सगळ्यात जास्त घाम कर्नालच्या धुक्यात फुटतो, बोगद्यापलीकडे नाही.

खारीगावचा_खारू

मनालीला पोहोचल्यावर ब्रेझा हॉटेलखाली लावायची आणि सिस्सूला तिथल्या माणसाची फोर बाय फोर करायची. तो रोज जातो, त्याला कुठल्या वळणावर ऊन येत नाही ते ठाऊक आहे. माझ्या बसवरून मी इतका खाली उतरलो, आता तुम्हीही थोडं उतरा.

घोडबंदरी_योद्धा

मग ठाण्याहून गाडी न्यायचीच कशाला? ट्रेनने चंदीगड, पुढे टॅक्सी.

उपवनकाठ

योद्धा, गाडी चालवायचीय म्हणून. आणि मुलं सहा तासांच्या वर कुठल्याही टॅक्सीवाल्याला झेपत नाहीत.

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. ब्रेझा, नवे टायर, मिस्त्रींच्या यादीप्रमाणे कूलंट आणि बॅटरी. चेन घेऊन इथेच सराव. मनालीपर्यंत मी, आणि सिस्सूच्या दिवशी रस्ता मोकळा आणि ऊन असेल तर मी, नाहीतर खारू म्हणतात तसा तिथला माणूस. बायकोने हे वाचून "नाहीतर"च्या खाली रेघ मारलीय.

चेन कोणाकडे पडून आहे का? माप २१५/६० आर १६. भाड्याने किंवा विकत, दोन्ही चालेल.

तुर्भेचा_मिस्त्री

माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची आहे, पण १५ इंचाची. नाही बसणार, ओढूनताणून बसवूही नका, ब्रेकच्या पाइपला घासते.

ट्रॉन्डहाइमकर

चाक आणि आतल्या भागांत जागा कमी असेल तर जाड चेनऐवजी पातळ कड्यांची घ्या. गाडीच्या पुस्तकात चेनचं पान असतं, पुढे चालेल की नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

कळव्याचा_केतन

माझ्याकडे २१५/६० आर १६ ची आहे, एकदाच वापरलेली. पण पिशवीत गुंता आहे. सोडवलात तर भाडं माफ.

घंटाळीचा_पक्या

@केतन, मामेभावाला पाठवतो. जेवणखाण तुमच्याकडे.